कमरेतून पायात उतरणारी कळ : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कंबरदुखीविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, आणि त्यांतल्या तक्रारीचा सूर सारखाच आहे : दुखण्याचे मूळ कमरेत असले तरी जीव नकोसा करतो तो पाय. म्हणून या वेळी मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या जुनाट दुखण्यापुरतेच लिहिले आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे गाळली आहेत. पत्रावरून कोणाचीही तपासणी होऊ शकत नाही, त्यामुळे येथे दिलेल्या उत्तरांचा उपयोग औषधाची चिठ्ठी म्हणून न करता आपल्या डॉक्टरांना काय विचारायचे याची तयारी म्हणून करावा.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी नौपाड्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज सीएसएमटीपर्यंत जातो. आठ महिन्यांपूर्वी गॅसचा सिलिंडर उचलताना कमरेत उसण भरली. ती आठवड्यात गेली, पण तेव्हापासून उजव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट लागल्यासारखी कळ जाते. गाडीत उभे राहिलो तर निभावते, पण बसलो की वीस मिनिटांत पाय पेटतो. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या (कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या) मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे आले आहे. एक डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर अपंग व्हाल. दुसरे म्हणाले, मणक्याला कधीही हात लावू देऊ नका, आपोआप जाईल. घरचे म्हणतात मणक्यात गॅप आला आहे, वाकायचे नाही. कोणाचे ऐकावे? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : घरच्यांच्या ‘गॅप’पासून सुरुवात करतो, कारण या एका शब्दाने आपल्याकडे फार नुकसान केले आहे. एक्स-रेच्या अहवालात दोन मणक्यांमधली जागा कमी झाली आहे असे लिहिलेले असते. गादीतले पाणी कमी होऊन ती चपटी झाली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे गॅप आलेला नसतो, उलट असलेली फट कमी झालेली असते. पण ‘गॅप आला’ हे ऐकले की मणका मणक्यापासून सुटला, आता वाकलो तर काहीतरी निखळेल, असे चित्र मनात बसते आणि माणूस काचेचे भांडे सांभाळावे तसा स्वतःला सांभाळू लागतो. पाठीचे स्नायू त्याने आखडतात आणि अशक्त होतात, आणि मूळच्या दुखण्यावर दुसरे दुखणे चढते. तुमचा मणका कोठेही सुटलेला नाही.

आता एमआरआय. दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण खुर्चीत बसण्याआधी फिल्मची मोठी पिशवी टेबलावर ठेवतात, आणि डॉक्टरही पाय पाहण्याआधी पिशवी उघडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादी फुगलेली असण्याचे प्रमाण तर विशीतच ३० टक्के होते. अर्थ असा की चित्रात काहीतरी दिसणे हा एकटा पुरावा होत नाही. चित्र आणि दुखण्याची वाट जुळली तरच त्याला महत्त्व येते. तुमच्या बाबतीत ती जुळते आहे, कारण पाचव्या कंबर-मणक्याची नस पोटरीच्या बाहेरून अंगठ्याकडेच जाते. हीच फिल्म घेऊन कोणी जांघेतले दुखणे सांगितले असते तर मी त्या फिल्मकडे फारसे लक्ष दिले नसते. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला का, अंगठा वर ओढायला लावून ताकद तपासली का, हे आठवून पाहा. नसेल पाहिले, तर ते आधी करून घ्या.

नस दुखते ती केवळ दबल्यामुळे, अशी समजूत बराच काळ होती. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी सायटिकेचे, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या या कळेचे, कारण फुटलेल्या गादीत दाखवून दिले, आणि दाब काढला की दुखणे जाणार असे सरळ गणित मांडले गेले. पुढे लक्षात आले की गादीच्या आतला चिकट गर नसेला रासायनिकदृष्ट्याही झोंबतो आणि नस सुजते. म्हणूनच एखाद्याची लहानशी फुगलेली गादी त्याला झोपू देत नाही आणि दुसऱ्याची मोठी गादी मुकाट राहते. चांगली गोष्ट ही, की बाहेर आलेला गर शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेऊ शकते, आणि मोठा तुकडा बऱ्याचदा लहानापेक्षा अधिक शोषला जातो. मात्र गर गेला म्हणून नस त्याच दिवशी शांत होत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये गच्चीची गळती पावसाळ्यात बंद केली तरी छताची ओल दिवाळीपर्यंत दिसत राहते, तसे हे आहे. त्या काळात दुखणे म्हणजे नवी इजा होत आहे असे समजू नये.

तुमच्या दोन डॉक्टरांचे म्हणणे परस्परविरोधी वाटते, पण मला वाटते की ते दोन वेगळ्या वेळांविषयी बोलत आहेत. नेदरलँड्समध्ये २००७ साली सायटिकेचा त्रास सहा ते बारा आठवडे झालेल्या २८३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांना सुमारे चार आठवड्यांत आराम पडला, थांबलेल्यांना सुमारे बारा आठवडे लागले, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत थांबणे हे शहाणपणाचे असते. परंतु कॅनडामधील २०२० च्या पाहणीत चार ते बारा महिने त्रास असलेले १२८ रुग्ण होते, आणि तेथे सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाचे दुखणे दहापैकी २.८ वर, तर न झालेल्यांचे ५.२ वर होते. तुम्ही आठव्या महिन्यात आहात. ‘आपोआप जाईल’ हे वाक्य तुमच्या बाबतीत पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

‘अपंग व्हाल’ हे वाक्य तर पायाची ताकद शाबूत असताना कोणत्याही रुग्णाला ऐकवू नये. ताकद कमी होत नसेल तर निर्णयाची घाई नसते. गेल्या दोन महिन्यांची नोंद काढा : कळ येण्याआधीचा वेळ लांबतो आहे का, बसण्याची मर्यादा वीस मिनिटांवरून तीसवर गेली आहे का. उतार दिसत असेल तर थांबा. दुखणे जागच्या जागी असेल, पायाचे दुखणे कमरेपेक्षा जास्त असेल आणि जाणत्या फिजिओथेरपिस्टकडे सहा-आठ आठवडे नियमित व्यायाम करूनही फरक नसेल, तर शस्त्रक्रिया हा पराभव नसून एक योग्य पर्याय आहे. तिने पायाची कळ जाण्याची शक्यता चांगली असते, कमरेच्या दुखण्याचे तसे वचन देता येत नाही. नसेजवळ दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन हा मधला मार्ग आहे. त्याचा आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो, आणि त्या आठवड्यांत चालणे वाढवले तरच त्याचे चीज होते.

तोपर्यंत गाडीत उभे राहणेच तुमच्या नसेला मानवते असे दिसते, तर जागा मिळवण्यासाठी धडपड करू नका. कार्यालयात वीस मिनिटे होण्याआधी उठा, पाय पेटल्यानंतर नव्हे. अंथरूण धरून राहणे तर पूर्णपणे टाळा. दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरते आणि माणूस कामावर लवकर परततो, हे १९८६ सालीच दिसून आले होते.

एक गोष्ट मात्र सर्वच वाचकांनी ध्यानात ठेवावी. जांघेची आतली बाजू आणि शौचाची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही पायांतले बळ एकाएकी जाणे, यांपैकी काहीही घडले तर सकाळची वाट पाहू नये. मज्जारज्जूच्या शेवटच्या नसांच्या झुबक्यावर एकदम दाब आल्याचे ते लक्षण असते आणि त्यात तास मोलाचे असतात. तसेच रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे एकत्र आले, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी झालीच पाहिजे; आपल्या देशात ही शक्यता विसरून चालत नाही, आणि त्याचे औषध सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळते.

प्रश्न : माझे बाबा ५२ वर्षांचे असून एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आहेत. त्यांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी नस दबल्याचे निदान झाले, तेव्हा लिहून दिलेली नसांच्या दुखण्यावरची प्रिगाबालिन ही रात्रीची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी ते अजून मेडिकलमधून आणून घेतात. दिवसभर गुंगीत असतात, चालताना झोक जातो. गेल्या महिन्यापासून डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि त्यांना कळतही नाही. डॉक्टरांकडे चला म्हटले की, खाडा होईल म्हणतात. (कोपरखैरणे)

उत्तर : खाडा झाला तरी चालेल, पण त्यांना याच आठवड्यात घेऊन जा. चप्पल निसटणे ही तक्रार आपल्याकडे थट्टेवारी नेली जाते, पण मी तिला फार गंभीर मानतो. बाबांना भिंतीचा आधार देऊन उभे करा आणि पावले वर उचलून केवळ टाचांवर चार पावले चालायला सांगा. डावे पाऊल वर उचलले जात नसेल, चालताना ‘फट फट’ आपटत असेल, तर कमरेतली नस आता केवळ दुखत नाही, तिचे बळ जाऊ लागले आहे. असे बळ जितक्या लवकर तपासले जाते तितके ते परत येण्याची आशा अधिक, म्हणून येथे मी वरच्या वाचकाला सांगितले तसे ‘थांबून पाहा’ असे सांगणार नाही.

दोन्ही पावले मोज्यासारखी बधिर असतील, तर कारण कमरेत नसून मधुमेहात किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असू शकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ घटते, आणि शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. कमरेच्या फिल्मवर बोट ठेवून पावलांच्या आगीवर उपचार चालू राहिले आणि खरे कारण एका साध्या रक्ततपासणीत सापडले, असे मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही कारणे एकाच माणसात असू शकतात, हेही खरे.

आता त्या गोळ्या. डायक्लोफेनॅकसारखे औषध दोन वर्षे सलग घेतले की मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांवर भार येतो. प्रिगाबालिन शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडांमार्फतच. मूत्रपिंडांचे काम मंदावले की तीच गोळी रक्तात साचते, आणि पूर्वी सोसणारी मात्रा आता गुंगी आणि झोक आणू लागते. बाबांचे असे झाले असेल असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी केल्याशिवाय राहू नये. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस गुंगीत असणे हा केवळ त्यांनाच नव्हे, मागच्या गड्यालाही धोका आहे.

प्रिगाबालिनविषयी हेही सांगितले पाहिजे की मधुमेहामुळे बिघडलेल्या नसांच्या दुखण्यावर आणि नागिणीनंतरच्या दुखण्यावर ते उपयोगी ठरलेले आहे, पण कमरेतल्या सायटिकेवर त्याची परीक्षा ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर घेतली गेली तेव्हा, २०१७ च्या अहवालानुसार, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा आराम अधिक आढळला नाही, चक्कर मात्र अधिक आढळली. तरीसुद्धा ते एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, नाहीतर झोप उडते, घाम सुटतो, जीव घाबरा होतो.

खर्चासाठी अडू नका. वाशीच्या महापालिका रुग्णालयात तपासणीची सुरुवात करता येईल. माथाडी मंडळात नोंद असल्यास तेथील वैद्यकीय सवलतीबद्दल टोळीच्या मुकादमांना विचारा, आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

प्रश्न : नस मोकळी होण्यासाठी पट्टा कायम लावावा का, फळीवर झोपावे का, आणि मणका बसवून देणाऱ्या हाडवैद्यांकडे जावे का? (बेलापूर)

उत्तर : पट्टा प्रवासापुरता किंवा ओझे हलवताना तासभर लावण्यास हरकत नाही, दिवसभर नको. फळीची गरज नाही. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी घेतली की बहुतेकांना बरे वाटते, आणि अंथरुणाची गादी मध्यम कडक असावी. मणका ‘बसवण्या’विषयी माझे मत स्पष्ट आहे : तो उठलेलाच नसतो, त्यामुळे बसवण्याचा प्रश्न येत नाही. हलक्या हाताने तेल चोळल्याने आणि शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, ते सुख खरे आहे. पण पायात बधिरपणा असताना कंबर किंवा मान झटक्याने पिळून घेणे मी माझ्या घरच्या कोणालाही करू देणार नाही.

प्रश्न : वय ६८. तलावपाळीला फेरी मारताना दीडशे-दोनशे पावलांत दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात. कट्ट्यावर बसलो की दोन मिनिटांत बरे वाटते. सायकल मात्र अर्धा तास चालवू शकतो. हे हृदयाचे आहे का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : तुमच्या सायकलनेच अर्धे उत्तर दिले आहे. कमरेतला नसांचा मार्ग वयोमानाने अरुंद झाला की ताठ उभे राहून चालताना नसा आवळल्या जातात आणि पुढे वाकल्यावर मार्ग किंचित रुंदावतो. म्हणून सायकलवर, किंवा बाजारात ढकलगाडीवर रेलून चालताना, त्रास होत नाही. पायांच्या रक्तवाहिन्या चोंदल्या असतील तर सायकल चालवतानाही पोटऱ्या भरून येतात, आणि नुसते उभे राहिल्यानेही उतार पडतो. तरीही पावलांतल्या नाडीचे ठोके डॉक्टरांकडून तपासून घ्या, विशेषतः तुम्ही धूम्रपान करत असाल तर. सायकल चालू ठेवा, आणि तलावाची फेरी एका दमात पुरी करण्याचा हट्ट सोडून कट्ट्याकट्ट्यावर बसत पुरी करा.

प्रश्न : माझे वय ५८. तीन वर्षांपूर्वी कमरेच्या गादीचे ऑपरेशन झाले. चार महिने सुखाचे गेले, मग डाव्या पायात आग सुरू झाली ती आजपर्यंत. साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. पुन्हा एमआरआय केला, तो चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखे काही नाही. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात की आईचे दुखणे मनाचे आहे. रात्री तीनला जाग येते आणि मी एकटीच गॅलरीत बसून राहते. कोणी सुचवले की मणक्यात मशीन बसवतात, पण त्याला काही लाख रुपये लागतात. मी ते करावे का? (कळवा)

उत्तर : ताई, तुमचे दुखणे मनाचे नाही. हे वाक्य मी मुलांना दाखवण्यासाठीच येथे लिहीत आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखला जावा, असे नमूद केले. एमआरआय हा नसेचा आकार दाखवतो, तिच्यातून काय वाहते ते दाखवत नाही. बराच काळ चेचली गेलेली नस दाब निघून गेल्यावरही आपणहून संदेश पाठवत राहू शकते, आणि ते संदेश वर्षानुवर्षे झेलून मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात की साध्या स्पर्शाचाही अर्थ ‘आग’ असा लावला जातो. साडीचा काठ न सोसणे ही त्याची अगदी नेमकी खूण आहे. अशी गोष्ट कोणी मनाने रचत नाही.

‘करण्यासारखे काही नाही’ हेही मला मान्य नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करण्यासारखे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ असावा. नवा एमआरआय शिरेतून औषध देऊन केला होता का, हे विचारा. त्याशिवाय जुन्या जागी तयार झालेला व्रण आणि पुन्हा सरकलेली गादी यांतला फरक नीट कळत नाही. त्यानंतर वेदनातज्ज्ञ गाठा. भूल देणारे डॉक्टर पुढे या विषयाचे वेगळे शिक्षण घेतात आणि मोठ्या रुग्णालयांत आता वेदना चिकित्सेचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असतो.

अशा जळजळीवर साध्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. ड्युलॉक्सेटिन, किंवा रात्री अगदी थोड्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन, ही औषधे वापरली जातात. चिठ्ठीवर ती पाहून औषधविक्रेता कदाचित म्हणेल की ही तर नैराश्याची गोळी आहे, आणि घरच्यांच्या शंकेला पुन्हा बळ मिळेल. खरे कारण असे की मेंदूकडून खाली येऊन वेदनेचे संदेश मंद करणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांवर ही औषधे काम करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगावे. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या औषधांपासून मात्र जपून राहा. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, आणि जुनाट दुखण्यात त्याचा गुण ओसरतो, सवय तेवढी मागे राहते.

आता यंत्राविषयी. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी असा विचार मांडला की मज्जारज्जूत वेदनेला एक दार असते आणि स्पर्शाचे संदेश ते दार लोटून घेऊ शकतात. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो का, याचा त्यातून उलगडा होतो. १९६७ साली अमेरिकेत शीली या शल्यचिकित्सकाने त्याच विचारावर मज्जारज्जूला सौम्य विद्युतप्रवाह देणारे पहिले साधन बसवले. आजचे यंत्र त्याचेच वंशज आहे. २००७ सालच्या एका पाहणीत, शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांपैकी ज्यांना यंत्र बसवले त्यांतल्या ४८ टक्क्यांचे पायाचे दुखणे सहा महिन्यांत निम्मे किंवा त्याहून कमी झाले. केवळ नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पण त्या पाहणीत आपल्या अंगात यंत्र चालू आहे हे रुग्णांना ठाऊक होते. नॉर्वेत २०२२ साली ५० रुग्णांना यंत्र बसवून, त्यांना कळू न देता ते काही काळ चालू आणि काही काळ बंद ठेवले गेले, तेव्हा दैनंदिन हालचालींत लक्षणीय फरक आढळला नाही. तेथे वापरलेला प्रवाह एका विशिष्ट पद्धतीचा होता, त्यामुळे एवढ्यावरून यंत्र निरुपयोगी म्हणणे घाईचे होईल. पण दागिने मोडून ते लगेच बसवून घ्या, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

विचार करायचाच असेल तर तारा तात्पुरत्या घालून सुमारे आठवडाभर चाचणी घेतात, ती झाल्याशिवाय कायमचे यंत्र बसवू नका. चाचणीपूर्वी दहापैकी किती दुखते एवढेच लिहून न ठेवता तीन कामे ठरवा : सलग चार तास झोप, ओट्याशी उभे राहून पूर्ण स्वयंपाक, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, किंवा तुम्हाला जे खरोखर हवे असेल ते. ही कामे त्या आठवड्यात जमली तर पुढे बोलू. केवळ आकडा सातावरून पाचावर आला आणि दिवस तसाच गेला, तर पैसे वाचवा.

त्या कामांकडे जाण्याची वाट यंत्राशिवायही सुरू करता येते, आणि माझ्या मते ती आधी करावी. बरे वाटलेल्या दिवशी घरभर आवराआवर आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण, हे चक्र तुमच्याकडे चालू असणार. बहुतेक गृहिणींचे तसे असते. दुखो वा न दुखो, रोज ठरलेली पाच मिनिटे चाला, आठवड्याने सहा करा. स्पर्शाची सवय मऊ सुती कापडाने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, आधी दुखऱ्या भागाच्या कडेला आणि मग हळूहळू आत, अशी लावा. रात्री तीनला जाग येते त्याबद्दल डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगा, कारण झोप तुटली की दुखणे वाढते आणि दुखणे वाढले की झोप तुटते. औषधाची वेळ पुष्कळदा त्यावरूनच ठरवावी लागते. समुपदेशकाकडे जायला सांगितले तर अपमान मानू नका. तीन वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही, याचेही एक ओझे असते, आणि ते उतरवण्यासाठी माणूस लागतो.

प्रश्न : वय ७१. चार महिन्यांपूर्वी छातीच्या उजव्या बाजूला पाठीपासून पुढपर्यंत नागीण उठली. फोड गेले, पण त्या पट्ट्यात अजून सुया टोचतात आणि बनियन घालवत नाही. हेही मणक्याच्या नसेचेच दुखणे आहे का? नागिणीची दोन्ही तोंडे जुळली तर माणूस दगावतो म्हणतात, ती पुन्हा येईल का, याची पत्नीला धास्ती आहे. (नेरूळ)

उत्तर : होय, हे मणक्याच्या नसेचेच दुखणे आहे, फक्त येथे गादीचा दोष नाही. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि वयोमानाने प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. मणक्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून नागिणीचा पट्टा छातीच्या मध्यावर येऊन थांबतो. दोन तोंडे जुळण्याची भीती या निरीक्षणातूनच आली असावी. ती जुळत नाहीत कारण नसच तेथे संपते. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले तरी त्यामुळे माणूस दगावत नाही, मात्र प्रतिकारशक्ती का घटली याची तपासणी करावी लागते.

फोड उठल्यापासून ७२ तासांत विषाणूवरचे औषध सुरू झाले तर आजार आटोपता राहतो. तुमच्यासाठी ती वेळ गेली आहे, पण फोडांनंतर उरलेल्या दुखण्यावर उपाय आहेत. प्रिगाबालिन किंवा गॅबापेंटिन येथे खरोखर उपयोगी पडते. तुमच्या वयात मात्रा कमीपासून सुरू करावी आणि रात्री उठताना पडणार नाही याची काळजी घ्यावी. त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी बारा तास लावून बारा तास काढून ठेवता येते, आणि ती गुंगी आणत नाही, म्हणून मी वृद्धांना पुष्कळदा तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. बनियनऐवजी धुऊन मऊ झालेला, अंगाला घट्ट बसणारा सुती कपडा घालून पाहा. सैल कापड सारखे घासत राहते आणि त्याचाच त्रास अधिक होतो.

ही महिनोन्महिने चालणारी तक्रार आहे, पण पुष्कळांची ती हळूहळू ओसरते. नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून लसीचा विचार जरूर करा. पन्नाशीपुढच्यांसाठीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येऊ शकते. ती महाग आहे. तुमच्या पत्नीचे वय पन्नाशीपुढचे असणार, आणि त्यांना अजून नागीण झालेली नसेल, तर घरात एकालाच घेता येणार असल्यास आधी त्यांना द्यावी, असे मी सुचवीन.